जमिनीनं रम प्यायली नाही

१

क्लाइव्हनं बाटली तिरकी केली, माझ्या वडिलांच्या थडग्यासाठी आखलेल्या चौकोनात पांढरी रम ओतली आणि टोपी काढून तो थांबला.

आमच्याकडे कुदळीचा पहिला घाव घालण्याआधी जमिनीला पाजतात. ती प्यायली की समजायचं, मेलेल्याला जागा पसंत आहे. मग उरलेली बाटली खणणाऱ्यांत फिरते, कोणीतरी एखादं भजन धरतं आणि काम सुरू होतं.

रम तशीच राहिली. एका खोलगट जागी तिचं तळं झालं आणि त्यात ढग दिसू लागले. माणसं वाट बघत होती. मागून कोणीतरी म्हणालं की मास ऑस्सींनी (गाव वडिलांना असंच म्हणे) फुकटची रम नाकारली असं आयुष्यात पहिल्यांदाच घडतंय. दोघं हसले आणि लगेच गप्प झाले.

"मिस मार्वा," क्लाइव्ह टोपी हातात फिरवत म्हणाला, "तुमच्या वडिलांना इथं यायचं नाहीये. मी खणणार नाही. उद्या ते माझ्या दारात येऊन उभे राहिले तर मी काय सांगू?"

मी त्याला समजावत बसले नाही. गुडघ्यावर बसले, चिमूटभर माती उचलली, तोंडातल्या ओलीनं भिजवली आणि अंगठ्यानं बोटावर दाबत पुढे सरकवत गेले. वडिलांनी मला ही परीक्षा अक्षरओळखीच्या आधी शिकवली होती. आमच्या खोलवटातली, म्हणजे टेकड्यांमधल्या खोलगट जमिनीतली, लाल माती अशी दाबली की लगेच तुटते, केकच्या चुऱ्यासारखी. पाणी पडलं की आत जातं. पाऊस थांबताच अनवाणी चालावं, पायाला काही चिकटत नाही. माझ्या बोटावरची माती तुटली नाही. तिची गुळगुळीत फीत झाली, लांब होत गेली आणि बोटावरून खाली लोंबली. रंग पिवळट, मधे राखाडी रेघा. वास साचलेल्या पाण्याचा.

वडील खाणकंपनीत माती वाचण्याचं काम करायचे. बॉक्साइटसाठी यंत्रं येण्याआधी ते पुढे जात, माणूसभर खड्डा खणत, त्याची भिंत सुरीनं साफ करत आणि वरून खाली सांगत जात: रंग, पोत, घडण, एक थर कुठे संपतो नि दुसरा कुठे सुरू होतो, आणि सगळ्यात शेवटी मुळं. ते सांगत त्यावरून वरची किती माती आधी काढून जपून ठेवायची हे ठरे. खाण संपली की ती परत पसरायची असते. ज्या वर्षी यंत्रं आमच्याच खोलवटात उतरली, त्या वर्षी त्यांनी आमच्या अंगणाचा खड्डाही असाच वाचला. मी खड्ड्याच्या काठावर उभी होते. त्यांचा आवाज इतर कुठल्याही दिवसासारखाच होता.

त्यांनी एकच गोष्ट मागून घेतली होती. अंगणाची माती वेगळी ठेवायची, बाकी खोलवटाच्या मातीत मिसळायची नाही. त्या अंगणात आमच्या घराण्याचे, चार पिढ्यांचे पिनॉक पुरलेले होते. खाण संपल्यावर ती माती इथे परत पसरली असं आम्ही समजत होतो, म्हणूनच थडगं इथे आखलं होतं.

मी उठले आणि हात पुसले.

"क्लाइव्ह, वडिलांनी काही नाकारलेलं नाही. ही आमची माती नाही. कोणीतरी आमचं अंगण चोरलंय."

२

दफन शनिवारी होतं आणि आज बुधवार होता. थडगं कुठंही बांधता आलं असतं, हे मला ठाऊक होतं. पण ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांची माती जपून ठेवली, त्याला परक्या चिखलात ठेवून नोकरीवर परत जायला किंग्स्टनची बस पकडायची, हे माझ्याच्यानं होणार नव्हतं. अंगण गेलं कुठं, हे मला तोवर शोधायचं होतं.

घरी जाऊन मी आधी त्यांचे कपडे काढून ठेवले, कारण ते कोणीतरी करायलाच हवं होतं. काळा सूट आणि तपकिरी बूट. हे बूट ते फक्त चर्चच्या टेकडीवर जाताना घालत. खाणीसाठी सगळी थडगी हलवली तेव्हा आईलाही तिकडे वर नेलं होतं. निवृत्तीनंतर दर शनिवारी ते तिच्याजवळ बसायला जात. मी ओल्या फडक्यानं बूट पुसले. शिवणींतून लाल रंग सुटला, फडकं लाल झालं. आमच्या गावात, पेशन्समध्ये, सगळंच लाल होतं. उशीचे अभ्रे, कुत्री, बायबलची पानं. मी फडकं धुऊन वाळत टाकलं.

संध्याकाळी रिवाजाप्रमाणे माणसं जमली. अंगणात डॉमिनोच्या सोंगट्या टेबलावर आपटू लागल्या. तळलेले मासे आले, पाव आला, बकऱ्याच्या मुंडीच्या सूपचं पातेलं आलं. रमची गोष्ट माझ्याआधी घरी पोचली होती. एका म्हातारीच्या मते ऑस्सी कंपनीवर रागावले होते. तिच्या बहिणीच्या मते ते माझ्यावर रागावले होते, कारण मी लग्न केलं नाही.

मिस आयोनी टोपलीभर उकडलेला याम घेऊन आल्या. त्या टेकडीवर चर्चच्या मागे राहतात आणि वडिलांपेक्षा वयानं मोठ्या आहेत. हा कंद त्यांच्यासारखा कोणी लावत नाही असं त्या स्वतःच सांगतात. त्यांनी माझ्या ताटात हातभर लांबीचा एक तुकडा ठेवला. सरळ, गुळगुळीत, सुरीनं कापताना कुठं गाठ नाही.

"खा. तुझा बाप म्हणायचा, आयोनीच्या यामला मिठाची गरज नाही."

"तुमच्या पांढऱ्या टेकडीवरचा?"

"मग काय, किंग्स्टनच्या बाजारातला?" असं म्हणून त्या दुसऱ्यांना वाढायला गेल्या. त्यांच्या पांढऱ्या झग्याची कड गुडघ्यापर्यंत लाल होती.

टेबलाच्या पलीकडे वेस्टनकाका बसले होते, वडिलांचे धाकटे भाऊ. त्यांच्याकडे ट्रक आहे. इंग्लंडमध्ये नोकऱ्या करून परत आलेली माणसं मोठी घरं बांधतात, त्यांना हिरवळ लावायला माती लागते, आणि ती वेस्टनकाका विकतात हे सगळ्या पेशन्सला ठाऊक होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नजर सोंगट्यांवर ठेवली. आणि हातात जोडीची सोंगटी असून चूक लावली. वेस्टनकाका डॉमिनोत कधी चुकत नाहीत.

३

सकाळी ते ट्रक धूत होते. मी काही विचारण्याआधीच म्हणाले की चहा घे, चुलीवर आहे.

मी चहा घेतला. मग विचारलं की अंगणाच्या मातीचा ढीग त्यांनी हलवला का. त्यांनी पाण्याची नळी बंद केली. त्यांचा चेहरा वडिलांसारखा आहे, फक्त जास्त हसलेला.

"गाव काय म्हणतंय?"

"गाव म्हणतंय, बाबा रागावलेत."

"मग गावाचं ऐक. आणि नाहीच ऐकायचं तर चोर म्हण मला. म्हण आणि मोकळी हो. मी नाही म्हणणार नाही."

"काका, मी विचारतेय ते सांगा."

"मी मेलेल्या भावाच्या पाठीमागे काही बोलणार नाही, पोरी. तुझ्या आजीनं मला तेवढं एकच शिकवलंय. बाकी काही शिकलो नाही, ते तू बघतेसच."

त्यांनी नळी पुन्हा सुरू केली. मी घरी येईपर्यंत त्या उत्तराचा विचार करत होते. निरपराध माणूस चिडतो, अपराधी माणूस सबबी सांगतो. वेस्टनकाकांनी यातलं काही केलं नाही. त्यांनी चोरीचा आळ असा अंगावर घेतला जसं कोणी दुसऱ्याचं ओझं थोडा वेळ धरतं. आणि मी त्यांना अंगणाच्या मातीबद्दल विचारलं होतं; मेलेल्या भावाचा विषय मी काढलाच नव्हता.

४

कंपनीच्या कचेरीत मिस फेसी जमिनी परत देण्याचं काम बघतात. उंच, नेटक्या, बुटांवर कधी धूळ नसलेल्या. वडिलांच्या हाताखाली त्यांनी सुरुवात केली होती. आमचं कुटुंब जमीन नीट परत मिळाली असं अजून म्हणालं नव्हतं, आणि ते आम्ही म्हणेपर्यंत प्रकरण त्यांच्या गळ्यात होतं.

त्यांनी मला शांतपणे सगळं सांगितलं. ढीग शेवटपर्यंत जागेवर होता. त्याची उंची तीच, लांबी तीच, वर गवत. त्यांनी स्वतः पाहिला होता. पसरणाऱ्या यंत्रावरचा माणूस मात्र कुरकुरला होता की माती पात्याला चिकटतेय.

"म्हणजे पसरायच्या आधीच ती बदलली होती," मी म्हणाले.

"असं तुम्ही म्हणता. पण मिस पिनॉक, तो ढीग कुठे होता ते आठवा. कंपनीनं तुम्हाला दिलेल्या नव्या घराच्या कुंपणापलीकडे. तुमचे वडील, आमचे साहेब, रोज व्हरांड्यात त्याच्याकडे तोंड करून बसायचे. आम्ही त्यावर पहारेकरीच ठेवला नाही. गरज काय होती?"

मी विचारलं की पिवळी, राखाडी रेघांची चिकणमाती आसपास कुठे निघते. त्या म्हणाल्या, खालच्या टोकाला पाणी अडवायला तळं खणलं तिथे. नको असलेली माती उचलायचं काम वेस्टन पिनॉकना दिलं होतं. महिनोन्‌महिने त्यांचा ट्रक त्या रस्त्यानं भरून जायचा.

"आणि परत येताना?"

"परत येताना रिकामा असणार. कोण बघतंय? मातीनं भरलेला ट्रक खाणीच्या रस्त्यावर दिसला तर कोणी विचारत नाही की तो चाललाय की येतोय."

निघताना त्यांनी विचारलं की मी चोरीची तक्रार करणार का. केली तर पोलीस येतील, वेस्टनना नेतील. आणि ढीग शाबूत असल्याची दर वर्षीची साक्ष ज्यांनी दिली, त्यांचंही नाव निघेल. ते नाव त्यांनी उच्चारलं नाही. खिडकीतून बाहेर पाहत एवढंच म्हणाल्या, "माती कशी बघायची हे मला त्यांनी शिकवलंय."

मी म्हणाले, शनिवारपर्यंत थांबा.

५

त्या दुपारी मी व्हरांड्यात वडिलांच्या खुर्चीत बसले. समोर कुंपण होतं, पलीकडे ढिगाची मोकळी जागा. इथून उंदीर गेला असता तरी त्यांना दिसला असता. ट्रकामागून ट्रक गेले आणि ते बसून राहिले? ज्या माणसाला एका चिमटीत मातीचं गाव सांगता येई, त्याच्या डोळ्यांसमोर पिवळ्या चिखलाचा ढीग रचला गेला आणि त्याला कळलं नाही?

दोरीवर फडकं वाळत होतं. बुटांचं. लाल.

मी ते बराच वेळ बघत राहिले. ते बूट वडील फक्त टेकडीवर घालत. नव्या घरापासून तिथपर्यंत कंपनीचा डांबरी रस्ता आहे. आणि टेकडी पांढरी आहे. वर वीतभर माती आणि खाली चुनखडीचा पांढरा भुगा, मग दगड. टेकडीवरून येणाऱ्याचे बूट पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसतात. मग शिवणींत लाल कुठून?

आणि मिस आयोनींच्या झग्याची कड?

आणि तो याम? याम जमिनीत खाली वाढतो. दगड लागला की वाकतो, फुटतो, म्हाताऱ्याच्या हातासारखा होतो. टेकडीवरचा याम कायम तसाच असायचा, आई त्यावरून मिस आयोनींना चिडवायची. सरळ यामला खोल, भुसभुशीत जमीन लागते. तशी जमीन पेशन्समध्ये एकाच जागी होती. आमच्या खोलवटात.

मी वडिलांची सुरी आणि छोटं खोरं घेतलं आणि टेकडीचा रस्ता धरला.

किंग्स्टनहून आले की मी नेहमी चर्चच्या पुढच्या फाटकातून आत जायची, आईच्या थडग्यावर फुलं ठेवायची, त्याच फाटकातून परत. मागच्या दगडी भिंतीपलीकडे कधी पाहिलं नव्हतं. आईचं थडगं त्या भिंतीला लागून आहे. भिंतीतून एक जुनी वाट आहे, माणूस आडवा होऊन जाईल एवढी.

पलीकडे पांढऱ्या उतारावर एक सपाट चौकोन होता. यामचे उंचवटे, तुरीची झाडं आणि मधोमध एक नीरफणस, माझ्या दुप्पट उंचीचा, पानं हातापेक्षा मोठी.

मी कडेला खड्डा खणला. खोल नाही, मांडीपर्यंत. भिंत सुरीनं साफ केली आणि वरून खाली वाचत गेले. वर गडद तपकिरी, रवाळ, हातात घेताच मोकळी होणारी. तिच्यात कोळशाचे कण, गोगलगायींचे शंख, निळ्या नक्षीच्या बशीचा नखाएवढा तुकडा. आजीच्या स्वयंपाकघरामागे अशी माती होती. त्याखाली लाल, मऊ, खोलवर तशीच. आणि त्याखाली एकदम पांढरं. सीमा सुरीनं कापल्यासारखी. निसर्ग अशी रेघ मारत नाही. इथला दगड मातीत दातांसारखा वर घुसतो.

ही माती आणलेली होती. पण चोर माती ओततो. ओतलेल्या मातीत काळं, लाल, सगळं कालवलं जातं. इथे कोणीतरी आधी लाल पसरली होती, दाबून बसू दिली होती, मग तिच्यावर काळी. ज्या क्रमानं ती खोलवटात होती, त्याच क्रमानं. ज्याला तिचे थर पाठ होते, त्यानं.

मागे पावलं वाजली. वेस्टनकाका भिंतीतून आडवे होऊन येत होते, पोट सावरत. मिस आयोनींनी त्यांना बोलावलं असणार.

"बाबांनी," मी म्हणाले.

काका यामच्या उंचवट्यावर बसले. त्यांनी तोंड पुसलं.

मग सांगत गेले. कंपनीनं सांगितलं होतं ढीग थोडे दिवस राहील. तो वर्षामागून वर्ष पडून राहिला. ऑस्सी दर पावसाळ्यानंतर त्यात हात घालून बघायचा. आतून माती आंबत चालली होती, गांडुळं मेली होती. त्यानं दोनदा विचारलं, माझ्या अंगणाची माती मी नेऊ का. उत्तर आलं, जमीन परत देईपर्यंत माती कंपनीची. मग एके दिवशी तो वेस्टनच्या दारात आला आणि म्हणाला, तुझ्या ट्रकला मी काम देतो, पण तोंडाला कुलूप.

"तीस वर्षं ज्यानं कंपनीचं एक खोरं घरी आणलं नाही, त्यानं. मी म्हटलं, डोकं फिरलंय तुझं. तर म्हणतो, लीटा पांढऱ्यात झोपलीय, वेस्टन. तिला पांढऱ्यात काही उगवत नाही म्हणून किती राग यायचा."

लीटा माझी आई.

"ढिगातून काढायचो तेवढी तळ्याची माती तिथं भरायचो; ढिगाची इथं आणून मी ओतायचो आणि तो पसरायचा. शनिवारभर. मला वाटायचं, झालं, आता घरी जाऊ. तर हा हातानं ढेकळं फोडत बसायचा."

"मला का नाही सांगितलं?"

काकांनी नीरफणसाकडे पाहिलं. तो आमच्या अंगणातल्या जुन्या झाडाच्या मुळाचा फुटवा होता. यंत्रांनी झाड पाडलं त्या दिवशी ऑस्सीनं तो डब्यात लावून ठेवला होता. ते जुनं झाड माझी नाळ पुरून तिच्यावर लावलेलं.

"सांगणार होता गं," काका म्हणाले. "म्हणायचा, मार्वा रजेवर आली की तिला वर नेतो आणि खड्डा खणायला लावतो. काही सांगायचं नाही. बघू पोरगी ओळखते का."

मी सुरी पुसत राहिले. ती केव्हाच साफ झाली होती.

६

शुक्रवारी सकाळी मी मिस फेसींना भेटले आणि जमीन परत मिळाल्याचं सांगितलं.

"आणि माती?"

"तीही मिळाली. पूर्ण."

त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं. मी सरळ टेकडीवरून आले होते. वर पांढरी धूळ आणि टाचांना लाल. निरोप देताना त्या टेबलामागून उठून दारापर्यंत आल्या, आणि विचारलं की बाईमाणूस खणायला चालतं का, की फक्त सूप ढवळायचं.

चर्चनं शवपेटी जाईल एवढे भिंतीतले दगड काढायला परवानगी दिली. मिस आयोनींनी यामचे दोन उंचवटे आधीच मोकळे केले होते आणि वर बजावलं की ऑस्सी शेजारी आला म्हणून त्यानं त्यांच्या लावणीत नाक खुपसायचं नाही. गावाला सांगितलं, मास ऑस्सींना बायकोजवळ यायचं होतं, म्हणून त्यांनी खाली रम घेतली नाही. गावाला ते आधीपासूनच ठाऊक होतं. ज्या म्हातारीनं कंपनीचा राग म्हटलं होतं, तीही म्हणाली की मी पहिल्यापासून हेच सांगत होते.

क्लाइव्हनं बाटली तिरकी केली. टोपी काढायला त्यानं हात वर नेला, तोवर जमीन कोरडी दिसत होती. तो वाकून बघत राहिला. मग पुन्हा ओतली, थोडी जास्त. तीही गेली.

"मिस मार्वा," तो म्हणाला, "यांना आवरा. आम्हाला काही उरणार नाही."

सगळे हसले. वेस्टनकाका सगळ्यात मोठ्यानं हसले आणि मग भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. कोणीतरी भजन धरलं. मिस फेसी बाह्या सरसावून फावडं घेऊन उतरल्या.

खणून झालं तेव्हा मी त्यांना थांबायला सांगितलं आणि वडिलांची सुरी घेऊन खाली उतरले. एक भिंत वरपासून खालपर्यंत साफ केली. मग वाचली. मोठ्यानं, घाई न करता, इतर कुठल्याही दिवसासारखी. गडद तपकिरी, रवाळ, मोकळी. कोळसा, शंख, बशीचे तुकडे. त्याखाली लाल, मऊ. निचरा चांगला. त्याखाली पांढरी चुनखडी, सीमा स्पष्ट.

माझा आवाज तिथे थांबला. वर सगळे वाट बघत होते. त्यांना वाटलं, संपलं.

मी सुरीच्या टोकानं मातीतून एक पांढरा धागा मोकळा केला. तो नीरफणसाकडून आला होता आणि आईच्या बाजूला गेला होता.

मुळं, मी म्हणाले. बारीक, पुष्कळ, सगळ्या थरांत.